वास आला, जीव वाचला

"औषध टाकलंय! अगं ए बायांनो, औषध टाकलंय टाकीत!"

आप्पा बांधावरून ओरडत होते. ओरडत म्हणजे किती, तर उजनीच्या फुगवट्यावर बसलेले बगळे उठून पार सोलापूर जिल्ह्यात गेले असतील. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात चप्पल, आणि मानेच्या शिरा ठिबकच्या नळीएवढ्या फुगलेल्या. समोर त्यांची सिमेंटची टाकी. टाकीभोवती ऊसतोडीच्या सात बायका कोंडाळं करून निवांत हंडे भरत होत्या. आप्पा जितके ओरडत, तितक्या त्या खूश होत. एक दुसरीला म्हणाली, "टाकलंय म्हणत्यात गं, माझी बी कळशी बुडीव." तिसरीनं तर बांधाकडं तोंड करून आप्पांना हात जोडले. आप्पांची चप्पल हातातच राहिली. हात जोडणाऱ्या बाईला चप्पल कशी मारायची, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी शिकवलं नव्हतं.

बांधाच्या अलीकडं मोटारसायकलच्या आड दामूतात्या उकिडवे बसले होते. तोंडात रुमालाचा बोळा, डोळ्यांना धारा, खांदे गदागदा हलताहेत. मी त्यांच्या पाठीशी. "हसू नका गुरुजी, आवाज जाईल," असं मला म्हणत होते आणि स्वतःच रुमालातून फुसफुसत होते.

हा विनोद कळायचा तर आधी दामूतात्या कळायला हवेत.

दामूतात्या आमच्या उपकेंद्राचे आरोग्यसेवक. अंगानं इतके वाळके, की वजनकाट्यावर उभे राहिले तर काटा हलायचा नाही, नुसता विचारात पडायचा. शर्टाच्या खिशाला लोकांच्या असतो तसा पेन नाही. तिथं काचेची एक नळी आणि थेंबांची एक बाटली. नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे त्यात टीसीएल पावडर पडलेली आहे, जंतू मेलेत, प्यायला हरकत नाही. पांढरंच राहिलं, तर देवाचं नाव घेऊन प्यायचं. तात्या कुणाच्या घरी गेले की चहाच्या आधी नळी बाहेर काढत. पाहुणचाराच्या तांब्यात थेंब टाकणारा माणूस तालुक्यात हा एकच, त्यामुळं त्यांना चहा पुष्कळ ठिकाणी बाहेर ओट्यावरच मिळे. त्याचं त्यांना काही वाटत नसे.

भेटल्यावर नमस्कार-चमत्कार नाही. पहिला प्रश्न, "काय, जुलाब?" लोकांनाही सवय झालेली. "बरं हाय तात्या" असं कुणी म्हणत नसे. "एकदाच, बांधीव" असं म्हणत आणि वाटेला लागत. एकदा तालुक्याहून मोठे साहेब तपासणीला आले. तात्यांनी सवयीनं त्यांनाही विचारलं. सगळं उपकेंद्र गोठलं. साहेब इकडंतिकडं बघून खालच्या आवाजात म्हणाले, "कालपासून जरा आहे." तात्यांनी त्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं. तपासणी आपोआप चांगली झाली.

कऱ्हाटीला एका लग्नात मी त्यांच्याबरोबर होतो. पंगत बसलेली, वाढपी धावताहेत. तात्यांनी पाण्याच्या पिंपात नळी बुडवली, थेंब टाकले, उन्हात धरून बघितली आणि मधोमध उभं राहून जाहीर केलं, "मंडळी, पांढरं हाय." पाचशे माणसांचे हात ताटात थांबले. मुलीच्या बापाला वाटलं, मुलाच्या कुळाबद्दल काहीतरी निघालं. खुलासा होईपर्यंत त्याचा रक्तदाब वरातीच्या पुढं गेला होता. मग लोक कोरडे बुंदीचे लाडू गिळायला लागले. दोघांना ठसका लागला, एकाची कवळी निघाली, पण पाण्याला कुणी हात लावेना. शेवटी मुलीच्या मामानं तात्यांचं ताट उचललं. तात्या उठले, खिशातनं पावडरीची पुडी काढली, पिंपात टाकली, ढवळली आणि हात धुऊन उपाशी घरी आले. रस्त्यात मला म्हणाले, "अर्धा तास थांबून प्या म्हणावं, सांगायचं राहिलं."

पाण्याचं एवढं वेड कशापायी, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांनी आज्याची गोष्ट सांगितली. आजोबांनी छप्पन साली बुद्धाला हात जोडले. त्याआधी ते याच आप्पांच्या आजोबांच्या शेतात राबत. तहान लागली की खाली बसून ओंजळ धरायची, वरून कुणीतरी पाणी ओतायचं. "ओंजळ गळकी असती गुरुजी," तात्या म्हणाले. "निम्मं पाणी कोपरावरनं जातं. माझा आजा कोपर चाटायचा." आणि खो खो हसले. कोपर चाटता येत नाही. मी घरी जाऊन दार लावून करून पाहिलं आहे. पण तात्या सांगत होते तेव्हा मला तो म्हातारा चाटताना दिसला होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर. दिवाळी झाली, की ऊसतोडीची माणसं बीडकडून आमच्या भागात उतरतात आणि त्यांची पोरं शाळेत आणा असा आम्हा मास्तरांना हुकूम येतो. त्यामुळं माझी आणि तात्यांची फेरी एकाच वाटेवर पडे. कॅनॉलच्या फाट्याकडेला कोप्यांची रांग उभी राही. उसाच्या शेंड्याच्या वाढ्याची आणि प्लास्टिकच्या कागदाची ती घरं, माणूस वाकून आत जातो आणि वाकलेलाच बाहेर येतो.

आमचा गाव तसा मोठा धार्मिक. चिमण्यांसाठी झाडांना पाण्याच्या वाट्या टांगतो, त्याचे फोटोही काढतो. पण हंगाम लागला, की रस्त्यावरच्या हातपंपाचा दांडा काढून कुणाच्या तरी घरात ठेवला जातो. शिमगा झाला, टोळ्या गेल्या, की दांडा परत. याचा ठराव कधी झाला नाही आणि कधी कुणी विसरलंही नाही. विहिरींवर जाळ्या. बोरला कुलपं. मग माणसं फाट्यातलं पाणी पीत. त्या फाट्यात वरच्या वस्त्यांचे बैल, गोधड्या आणि गटारं सगळं धुऊन होऊन खाली येतं. आदल्या हंगामात गॅस्ट्रोची साथ आली. दोन तान्ही पोरं गेली. फाट्याच्या कडेलाच पुरली आणि दुसऱ्या दिवशी टोळीला पुढचा फड लागला म्हणून आईबाप निघूनही गेले. तात्या तिथं बराच वेळ उभे होते. पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी मला म्हणाले, "गुरुजी, औंदा माझ्या कोप्यांत एकबी जुलाब न्हाय. एकबी."

त्यांच्या आडवी आली ती सोजर.

सोजर म्हणजे त्या टोळीतली तिशीतली बाई. हातात कोयता असला-नसला तरी सारखंच, जीभ होतीच. तिच्या शिव्यांनी उसाचं पाचट आपोआप गळतं असं मी स्वतः पाहिलं आहे, म्हणजे ऐकलं आहे. तात्यांनी पहिल्या दिवशी तिच्या हंड्यात पावडर टाकली, तर तिनं वास घेतला आणि हंडा तात्यांच्या पायांवर ओतला.

"मुतारीचा वास येतोय," ती म्हणाली. "एस्टी स्टँडवर हेच टाकत्यात. ते आमाला पाजताव व्हय?"

ती खरं बोलत होती. तिथंही हीच पावडर टाकतात. ओल्या बुटांनी पचक-पचक करत ते परत आले. रात्रभर विचार केला असणार, कारण सकाळी आले ते एक घोषवाक्य घेऊनच.

"बरोबर हाय तुजं सोजरबाई. तितं किडं मारतंय, हितं बी किडं मारतंय. ध्यानात ठेवा समद्यांनी. वास आला, जीव वाचला. ज्या पाण्याला वास न्हाय, ते प्यायचं न्हाय."

मग पैज लागली. सोजरनं आणि तिच्या नवऱ्यानं, नामदेवनं, आठ दिवस औषधाचंच पाणी प्यायचं. दोघांपैकी कुणालाही जुलाब झाला, तर तात्यांनी एक दिवस ऊस तोडायचा. सोजरला काही झालं नाही. नामदेवला सहाव्या दिवशी झाला. त्यानं गुऱ्हाळावर तीन ग्लास बर्फाचा रस ढोसला होता, पण सोजर म्हणाली, पैज जुलाबाची हाय, रसाची न्हाय. तात्या मुकाट्यानं फडात उतरले. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी नऊ ऊस तोडले, त्यातले चार मुळासकट उपटले. पाचटानं तोंडावर ओरखडे आले, चष्म्याची काडी मोडली. सबंध टोळी कोयते खाली ठेवून बघत बसली होती. सरकारी माणूस आपल्यासाठी फडात उतरलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि इतका वाईट उतरलेला तर कुणीच पाहिला नसेल. सोजर हसून हसून सरीत बसली. दुसऱ्या दिवसापासून ती तात्यांची माणूस झाली.

नुसती झाली नाही, ती तात्यांच्या वर गेली. सकाळी सगळ्या कोप्यांचे हंडे हुंगायची. ज्याला वास नाही तो ओतून द्यायची. आपण आधी तांब्याभर पिऊन दाखवायची आणि हाळी द्यायची, "टाकलंय औषध, प्या." तिनं प्यायल्याशिवाय बाकीच्या बायका पीत नसत. हंगाम निम्मा झाला, जुलाब एकही नाही. तात्या काट्यावर उभे राहिले असते, तर त्या दिवसांत काटा हलला असता.

आता शब्दाचं सांगतो. आमच्याकडं 'औषध' या शब्दाला दोन संसार आहेत. एक दवाखान्यात, दुसरा शेतात. दवाखान्यातलं माणूस जगवतं. शेतातलं कीड मारतं, आणि पोटात गेलं तर माणूसही. गावात दोन्हीला औषधच म्हणतात. सांगणारा कोण, ऐकणारा कोण, यावरून ज्याचं त्यानं समजायचं.

फाट्याचं पाणी आटून डबक्यांवर आलं, तशा बायका आप्पांच्या टाकीवर यायला लागल्या. ठिबकसाठी बोरचं पाणी तिथं साठवत. आप्पांनी शिव्या दिल्या, कुत्रं सोडलं. सोजरनं कुत्र्याला भाकरी घातली. ते तिच्या मागं मागं कोपीवर राहायला गेलं. तेव्हा आप्पांना डोकं सुचलं. टाकीत काही नसताना त्यांनी बोंब ठोकली, औषध टाकलंय म्हणून. पुढचं तुम्ही बघितलंच.

त्या दिवशी बायका गेल्यावर तात्यांनी टाकीत नळी बुडवली. पांढरं. वास नाही, काही नाही, बोरचं स्वच्छ पाणी. "थापा मारतोय," ते म्हणाले आणि कोप्यांवर जाऊन हंड्यांत आपली पावडर टाकून आले. आप्पांची थाप बायकांना वासावरून कळू नये म्हणून जरा सढळ हातानं टाकली. मी परतताना विचारलं, तात्या, शेतातलं औषध वेगळं असतं, हे त्यांना सांगायला नको का?

"सांगू की," तात्या म्हणाले. "हंगाम उरकू द्या. आत्ता सांगितलं तर बिचकून परत फाट्यावर जातील." आणि परत हसायला लागले. "आजा पायजे होता गुरुजी. लोळला असता."

पुढं महिनाभर तो तमाशा चालू राहिला. आप्पा ओरडत, बायका भरत, मागून तात्या कोप्यांवर जाऊन हंड्यांत पावडर टाकत. मीही काही कमी नाही. चहाच्या टपरीवर ही गोष्ट मी रोज सांगत असे. सात बायकांच्या तिसऱ्या दिवशी सत्तर झाल्या आणि आठवड्यात आप्पा स्वतः त्यांच्या डोक्यावर हंडे चढवून द्यायला लागले. माणसं बाकांवरून पडत. माझी गोष्ट आप्पांच्या कानावर गेली होती का, ते मला ठाऊक नाही. टपरी त्यांच्याच जागेत आहे, एवढं मात्र ठाऊक आहे.

महाशिवरात्रीच्या पुढं आप्पांच्या उसाच्या नव्या लागणीवर खोडकिडा पडला. ठिबकमधून सोडायला त्यांनी टाकीत औषध ओतलं. खरं. दुपारची सुट्टी नुकतीच संपली होती. शाळेच्या खिडकीतून मला त्यांचा आवाज आला, औषध टाकलंय, औषध टाकलंय. मी फळ्याकडं तोंड करून हसलो.

त्या दिवशी तात्या लोणी देवकरला कामगारांच्या खोल्यांवर डासांसाठी फवारणी करत होते. टाकीवर काय झालं ते बरोबरच्या बायकांनी नंतर सांगितलं. पाणी दुधाळ दिसत होतं. तात्यांची पावडर टाकली की दिसतं तसंच. एरवी कोपीवर गेल्यावर हंडे हुंगणाऱ्या सोजरनं त्या दिवशी तिथंच तांब्या बुडवून नाकाशी नेला. वास इतका, की डोळ्यांत पाणी आलं. "आज लई झ्याक टाकलंय बघा," ती म्हणाली. सकाळपासून फडात होती, घसा कोरडा. तांब्या रिकामा करून तिनं हाळी दिली. तिघींनी घोट-घोट घेतला, तेवढ्यात सोजर टाकीला टेकून खाली बसली आणि तिच्या तोंडातून फेस आला. आप्पा बांधावर तसेच ओरडत होते.

उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत घालून चौघींना इंदापूरला नेलं, तिथून सोजरला बारामतीला. तिघी वाचल्या. सोजर तिसऱ्या दिवशी गेली. तात्या तीन दिवस दवाखान्याच्या जिन्यात बसून होते. एकदा मला म्हणाले, "गुरुजी, वास आला नसता तर ती प्यालीच नसती." मी चहा आणायला खाली गेलो.

जबाब टाकीपाशीच झाले. आप्पा हवालदारांना म्हणाले, "मी नरडं फुटंस्तवर वरडलो साहेब. इचारा गुरुजींना."

मी म्हणालो, ओरडले. खरंच ओरडले होते.

हवालदारांनी तात्यांकडं पाहिलं. "औषध टाकलंय म्हटल्यावर पिऊ नये, एवढं कळत नाही का या लोकांना?"

"त्यांना मी शिकवलं होतं," तात्या म्हणाले. "औषध टाकलेलंच पाणी प्या म्हणून. वास येईल ते प्या म्हणून. आप्पा खोटं वरडायचे तवा मी हसलो. लिवा."

हवालदार भला माणूस. त्यानं थोडा विचार केला आणि लिहिलं, की आरोग्य खात्यानं पाण्याबाबत वेळोवेळी जनजागृती केली होती, शेतमालकानं पूर्वसूचना दिली होती, मयत बाईनं त्याकडं दुर्लक्ष केलं. वाचून दाखवलं. आप्पांनी सही केली, मीही केली. तात्यांनी पेन हातात घेतला आणि कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "ह्यात माझं न्हाय आलं." हवालदार म्हणाले, "तुम्ही कशाला येताय तात्या त्यात? दोन वर्षांत रिटायर होताय." आणि कागद घडी करून ठेवून दिला.

कोप्यांवर बायकांनी तात्यांची पावडर ओतून दिली. हंडे राखेनं घासले, वास जाईस्तोवर घासले आणि फाट्यावर भरायला गेल्या. चार दिवसांत जुलाब सुरू झाले. तात्या दारोदार फिरत, हे औषध वेगळं, ते औषध वेगळं, असं सांगत. बायका त्यांना बघून हंड्यावर झाकण ठेवत. त्यांना शिवी कुणी दिली नाही. शिवी देणारी उरली नव्हती.

मला वाटलं, आता ते गप्प बसतील. पण ते म्हणाले, नामदेवला सांगितलं पाहिजे. हवालदारानं लिहिलं नाही, त्याला तरी कळलं पाहिजे. मी म्हणालो, त्याला सांगून त्याचं काय भलं होणार? ते म्हणाले, "भल्यासाठी न्हाय."

नामदेव बायकोला गावाकडं पोहोचवून, माती करून पाचव्या दिवशी फडावर परत आला होता. न येऊन सांगतो कुणाला. ऊस उभा होता. आम्ही गेलो तेव्हा तो ट्रकला लावलेल्या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढत होता, उतरत होता. पूर्वी सोजर खालून मोळी उचलून द्यायची. आता तो गुडघा टेकून आपली आपणच डोक्यावर घेत होता. तात्या फळीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. चष्म्याची काडी अजून दोऱ्यानं बांधलेली होती.

"नामदेव," ते म्हणाले, "आप्पा महिनाभर खोटं वरडत होता. टाकीत काय नसायचं. मला ठावं होतं. औषध म्हंजी तुमी काय समजताय ते बी ठावं होतं. गुरुजी मला म्हणलं, सांगा त्यास्नी. मी न्हाय सांगितलं. मला मज्जा वाटत होती. मोटारसायकलीच्या आड बसून मी हसत होतो. सोजर माझ्या शब्दावर प्याली. तू मला काय करायचं ते कर, मी हितं हुबा हाय."

नामदेव मोळी डोक्यावर घेऊन त्यांच्यासमोर थांबला. मोळीतून पाचट गळत होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मागं ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न देत होता.

"फळी सोडा तात्या," नामदेव म्हणाला. "गाडी भरायची हाय."